मॅक म्हणजे लिनक्स नाही, आणि विंडोज युनिक्समधून आलेलं नाही

सध्या एक मेसेज फिरतोय की मॅक म्हणजे लिनक्सच, वरून फक्त दिसणं बदललंय, आणि विंडोजसुद्धा मुळात युनिक्सच. दोन्ही चूक आहे.

युनिक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारं एक मूळ सॉफ्टवेअर (ऑपरेटिंग सिस्टिम), १९६९ मध्ये बेल लॅब्स या अमेरिकी प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी सुरू केलं. लिनक्सचं कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, लिनस टॉरवाल्ड्सने १९९१ मध्ये नव्याने लिहिलं, म्हणजे वागणं युनिक्ससारखं पण कोड स्वतःचा. मॅकचा रस्ता पूर्ण वेगळा आहे, ॲपलने नेक्स्ट ही कंपनी घेतली आणि तिच्या सिस्टिममधून २००१ मध्ये मॅक ओएस टेन आली, आत माख कर्नल आणि बर्कली विद्यापीठाच्या बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीचे भाग, लिनक्सचं कर्नल त्यात नाहीच. उलट २००७ मध्ये मॅकच्या लेपर्ड या आवृत्तीला अधिकृत युनिक्स सर्टिफिकेट मिळालं, त्यामुळे नात्याने मॅकच युनिक्सच्या जास्त जवळ!

आता विंडोज. ते सुरुवातीला मायक्रोसॉफ्टच्याच डॉस या जुन्या सिस्टिमवर चालायचं, आणि डॉसची घडण सीपीएम या सिस्टिमवरून घेतलेली. आजचं विंडोज मात्र १९९३ च्या विंडोज एनटी या आवृत्तीवर उभं आहे, ते डेव्ह कटलरच्या टीमने केलं आणि त्याने आधी डेक या कॉम्प्युटर कंपनीत व्हीएमएस या सिस्टिमवर काम केलेलं, ती छाप एनटीवर स्पष्ट दिसते. हां, डॉस २ मध्ये फोल्डरच्या आत फोल्डर ही कल्पना युनिक्सवरून घेतली हे खरंय, पण स्लॅश (/) आधीच कमांडच्या ऑप्शनसाठी वापरात होता म्हणून पाथमध्ये, म्हणजे फाइलच्या पत्त्यात, उलटा स्लॅश (\) आला, तो अजून आहे. कल्पना उचलली म्हणून वंश एक होत नाही ना.