सीटचं तोंड कुणीकडे?

सम्याला मुलगी झाल्यापासून कट्ट्यावर क्रिकेट मागे पडलंय. कालचा विषय असा: पाच महिन्यांचं बाळ घेऊन नाशिकहून डोंबिवलीला जायचंय, गाडी 2014 ची वॅगनआर, आणि बायकोने बजावलंय की बाळाची कार सीट आल्याशिवाय ती गाडीत पाय ठेवणार नाही.

"कशाला ते फॅड?" बंड्याने सुरुवात केली. "आपण आईच्या मांडीवर बसून अख्खा कसारा उतरलोय."

"तेव्हा तुझ्या बाबांची फियाट घाटात चाळीसच्या वर जायची का?" प्रिया. तिचा दोन वर्षांचा पोरगा अजून मागे तोंड करूनच बसतो, त्यामुळे या विषयात तिच्यापुढे फारसं कुणाचं चालत नाही. "पन्नासच्या वेगाने धडक बसली की सात किलोचं पोर क्षणभर दीडशे-दोनशे किलोच्या जोराने पुढे फेकलं जातं. धरशील?"

"मग आईच्याच बेल्टमध्ये दोघांना बांधू."

"म्हणजे आईचं सगळं वजन बाळावर. त्यापेक्षा वाईट."

बंड्या गप्प बसणाऱ्यातला नाही. "ठीक आहे, सीट घ्या. पण तोंड मागे का? पोरीला काय सीटचं कापड बघायचंय?"

याचं उत्तर खरंतर सोपं आहे. एवढ्याशा बाळाचं डोकं अंगाच्या लांबीचा चौथा हिस्सा असतं आणि मानेची हाडं अजून धड हाडंही झालेली नसतात. तोंड पुढे असेल तर समोरून धडक बसल्यावर पट्टे अंग धरून ठेवतात आणि डोकं एकटं पुढे जातं. सगळा ताण मानेवर. तोंड मागे असेल तर डोकं, मान, पाठ तिन्ही एकदम सीटच्या पाठीत दाबली जातात. स्वीडनमध्ये साठच्या दशकापासून यावर काम चाललंय, तिथे चार वर्षांपर्यंत पोरं अशीच बसवतात. युरोपच्या आर-129 नियमात तर 15 महिन्यांच्या आत तोंड पुढे करायची मुभाच नाही. आपल्याकडे पहिला वाढदिवस झाला की सीट फिरवायची घाई.

"पाय अवघडतात ना पण," मंग्या.

"मांडी घालून बसतो माझा. तक्रार तुमचीच असते, त्याची नाही."

आपल्याकडे कायदा आहे, मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीतलं कलम 194 ब. चौदाच्या आतलं मूल बेल्ट किंवा कार सीटविना नेलं तर हजार रुपये दंड. "कुणाला झालाय?" असं बंड्याने विचारल्यावर सगळे हसले, आणि तो मुद्दा तिथेच संपला.

मग सगळे उठून गाडीपाशी. सम्याने मागच्या सीटच्या फटीत बोटं घालून पाहिली, आयसोफिक्सच्या, म्हणजे कार सीट थेट गाडीला अडकवायच्या कड्या नाहीतच. म्हणजे गाडीच्या बेल्टनेच बांधावी लागणार, आणि खरी मेख इथे आहे. मागे तोंड असलेल्या बकेट सीटला, म्हणजे तान्ह्या बाळाच्या टोपलीसारख्या सीटला, कमरेचा पट्टा बाळाच्या पायांवरून निळ्या खाचांतून जातो आणि खांद्याचा पट्टा सीटच्या पाठीमागून अख्खा वळसा घेतो. प्रियाने तिच्या गाडीतली जुनी बकेट आणून लावून दाखवली. वळसा घेऊन पट्टा बकलपाशी आला आणि चार बोटं आधीच संपला. सम्याचा चेहरा बघण्यासारखा.

माझं मत विचाराल तर ब्रँड आणि किंमत यावर डोकं फोडण्यात अर्थ नाही. गाडी घेऊन दुकानात जा, सीट आपल्याच गाडीत बांधून बघा, मगच पैसे द्या. बांधल्यावर पट्टा जातो तिथे धरून हलवली तर इंचभराच्या वर हलता कामा नये. हार्नेस, म्हणजे बाळाला बांधायचे सीटचे पट्टे, खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खालून यावा, आणि खांद्यावर पट्ट्याची चिमूट धरता येत असेल तर तो सैल आहे. सीट फार उभी नको. झोपेत हनुवटी छातीला टेकली तर बाळाचा श्वास अडतो.

"पुढे लावू का? माझ्या नजरेसमोर राहील," सम्या.

"एअरबॅग चालू असलेल्या सीटवर कधीच नाही. उघडली की थेट बाळाच्या डोक्यामागे आदळते."

"माझ्या गाडीत त्या बाजूला एअरबॅगच नाही."

"तरी मागेच. डावीकडे लाव, फूटपाथच्या बाजूने चढवता येते. आणि इगतपुरीला थांबून तिला बाहेर काढ, सलग झोपवून नेऊ नकोस."

तेवढ्यात मंग्याला आठवलं की भावाने न्यू जर्सीहून आणलेली एक सीट माळ्यावर पडून आहे. "फुकट घेऊन जा." प्रियाने त्याला घरी पाठवून बुडाचा फोटो मागवला. अमेरिकन सीटच्या प्लास्टिकवर कधीपर्यंत वापरायची ते कोरलेलं असतं. फोटोत 2017.

"गाडी ठोकली होती का कधी त्यांनी?" तिने फोनवर विचारलं.

"विचारून सांगतो."

"राहू दे. तारीखच गेलीय."

सम्या शनिवारी दुकानात जातोय, गाडी घेऊन. बंड्याही बरोबर जाणार म्हणतो, भाव करायला.