पीएचडीवाल्यांचे सराव पाठ

चौथीच्या पोरांना भागाकार शिकवायचा तर डीएड लागतं. सूक्ष्मपाठ (सोबत्यांनाच विद्यार्थी मानून घ्यायचा छोटासा पाठ), सराव पाठ, टाचणवही, मागे बसून शेरे लिहिणारे सर, सगळ्यातून जावं लागतं. आणि बीएस्सीच्या वर्गावर जायचं तर? सेट-नेट किंवा पीएचडी झाली की खडू हातात. कायम नोकरी लागल्यावर यूजीसीचा 'गुरू दक्षता' इंडक्शन प्रोग्राम होतो म्हणा, पण तोवर सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, कित्येक बॅचेसवर हात साफ करून झालेला असतो.

यूजीसीच्या २०२२ च्या पीएचडी नियमावलीत हे आलंय खरं. विषय कुठलाही असो, संशोधकाने पीएचडीच्या काळातच अध्यापनाचं प्रशिक्षण घ्यायचं. आठवड्याला ४ ते ६ तास ट्युटोरियल, प्रॅक्टिकल, तपासणीचं काम त्याला देता येईल. प्रत्यक्षात त्याचा अर्थ बहुतेक वेळा 'सर बाहेरगावी आहेत, तू लेक्चर घे' एवढाच निघतो.

म्हणून म्हणतो, पीएचडीच्या सिनियर स्कॉलर्सनी हे शिकवण्याचं शिक्षण आपापसातच सुरू करावं. आम्ही काही जण शनिवारी रिकाम्या वर्गात जमतो. एकाने पंधरा मिनिटं एसवायचा एखादा मुद्दा शिकवायचा, बाकीच्यांनी एसवायची पोरं व्हायचं, लास्ट बेंचर्ससकट. एका मैत्रिणीने एन्ट्रॉपी (ढोबळमानाने, अव्यवस्थेचं माप) घेतली. विषयावर पकड, फळा देखणा. झाल्यावर एकजण म्हणाला, "तू 'कळलं का?' विचारतेस आणि उत्तर यायच्या आत डस्टर उचलतेस." ती जाम चिडली. पण पुढच्या वेळी 'कळलं का?' म्हणून हाताची घडी घालून उभी राहिली. कुणी बोलेना, ती हलेना. शेवटी मागून आवाज आला, "एन्ट्रॉपी वाढतच जाते, तर मग फ्रीजमध्ये बर्फ कसा होतो?" यावर आमची अर्धा तास जुंपली.

गाईडसमोर हे होणं नाही. ज्याच्या सहीवर थीसिस अडलाय त्याच्यापुढे 'मला हे शिकवता येत नाही' असं कोण म्हणेल?

"तुम्हालाच अनुभव नाही, तुम्ही एकमेकांना काय शिकवणार?" हे ऐकून घ्यावं लागतं. मुद्दा अगदीच खोटा नाही. पहिल्या वर्षाच्या, कोर्सवर्कमध्ये बुडालेल्या पोरांना यात ओढू नये. पण तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या स्कॉलरने प्रॅक्टिकलं घेतलेली असतात, जर्नलं तपासलेली असतात. आणि वर्गात आपण नेमके कुठे हरवायचो, हे त्याला अजून आठवत असतं. सरांना ते आठवत असेल असं वाटत नाही. बरं, ही पद्धतही काही नवी नाही. बीएडवाल्यांचा सूक्ष्मपाठ साठच्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्डमधून आला, आणि पीएचडी करतानाच प्राध्यापकीची तयारी व्हावी म्हणून अमेरिकेतच सीआयआरटीएल हे विद्यापीठांचं जाळं २००३ पासून काम करतंय.

अट एकच. हजेरी नको, सर्टिफिकेट नको. सर्टिफिकेट आलं की बॅनर येतो, बॅनर आला की प्रमुख पाहुणे येतात आणि दीड तासातला तासभर शाल-श्रीफळात जातो. विभागाने वर्गाची चावी तेवढी द्यावी, चहाचं आमचं आम्ही बघू.