पाच बोटांचं इंजिन

एसडी४०-२ नावाचं डिझेल इंजिन १९७२ साली रुळावर आलं. सहा आसांचं, ३००० अश्वशक्तीचं, २१ मीटर लांब, वजन १६० टनांच्या वर. चढावर दोन-चार भाऊबंद जोडीला घेऊन ते मैलभर लांबीची मालगाडी ओढून नेतं. तेच इंजिन मॉडेल रेल्वेच्या छंदात, एचओ मापात, म्हणजे १:८७ ला, २४ सेंटीमीटरचं होऊन टेबलावर येतं आणि रुळावरच्या एका काळ्या ठिपक्यापाशी थबकतं. दिवा विझतो. मग आकाशातून एक बोट खाली येतं आणि इंजिनाच्या पाठीला हळूच ढोसतं.

या छंदातलं सगळ्यात विश्वासू इंजिन म्हणजे हे बोट. त्याला गिअर नाहीत, डीकोडर (आज्ञा ओळखून मोटर चालवणारी इवलीशी चिप) नाही, बारा व्होल्ट लागत नाहीत. कितीही तीव्र वळणावर ते रुळावरून उतरत नाही. संग्राहकांच्या याद्यांमध्ये त्याचा उल्लेख नसतो, पण सगळ्यात जास्त किलोमीटर त्याच्याच नावावर असतात. (एचओतला एक किलोमीटर म्हणजे साडेअकरा मीटर, त्यामुळे आकडे भराभर वाढतात.)

डिझेलच्या नादाला माणूस लागतो तो एका भोळ्या हिशोबाने. वाफेच्या इंजिनाला बाहेर दांडे, त्यांची चाकांशी जुळवणी, एक चाक जरा फिरलं की सगळी लंगडी. डिझेल म्हणजे काय, तर डबा. डब्यात बिघडायचं काय? मधोमध एक मोटर, तिच्या दोन्ही टोकांना पितळी फ्लायव्हील, तिथून पुढे-मागे प्लॅस्टिकचे शाफ्ट, शाफ्टच्या टोकाला वर्म (स्क्रूसारखे आटे असलेला गिअर), आणि वर्मखाली दोन बोग्यांतले गिअर. (बोगी म्हणजे इथे प्रवासी डबा नव्हे, इंजिनाखालचा चाकांचा गाडा.) इतकं सरळ. पण मोटरला वीज पोचली तरच ना! ती रुळातून चाकात, चाकातून घासणाऱ्या पितळी पट्टीत, पट्टीतून वायरीत, वायरीतून डीकोडरमध्ये आणि मग मोटरमध्ये जाते. या पाच मुक्कामांपैकी घोडं कुठे पेंड खातंय हे शोधण्यात रविवार जातो.

पहिला संशय रुळावर, आणि बहुतेकदा खराही तोच. रूळ निकेल सिल्व्हरचे असतात. नावातल्या चांदीवर जाऊ नका. त्यात तांबं, निकेल आणि जस्त असतं, चांदी औषधालाही नसते. चाक आणि रूळ यांच्यात फिरताना सूक्ष्म ठिणग्या पडतात, धातू जळतो, त्यात धूळ आणि ग्रीस मिसळतं आणि काळा, चिकट थर तयार होतो. तो कशाने पुसावा यावरून या छंदात दोन पंथ आहेत. एक अल्कोहोलवाल्यांचा, दुसरा घासलेट आणि मिनरल स्पिरिटवाल्यांचा. दुसऱ्या पंथाचं म्हणणं असं, की आयसोप्रोपिल अल्कोहोल पोलर आहे, म्हणजे त्याच्या रेणूंची टोकं विजेने भारलेली असतात; हे दाखवणारा डायइलेक्ट्रिक स्थिरांक त्याचा १८च्या पुढे, आणि घासलेटाचा जेमतेम २. पोलर द्रवाने पुसलेल्या रुळावर ठिणग्या जास्त आणि थर पुन्हा लवकर. माझं मत विचाराल तर दोन्ही ठेवा: आधी अल्कोहोलने मळ काढा, मग मिनरल स्पिरिटचा हात फिरवा आणि कोरड्या कापडाने पुसा. म्हणजे दोन्ही पंथांच्या शिव्या सारख्याच बसतात. पॉलिशपेपर मात्र लावू नका. रूळ तासाभरासाठी आरशासारखे दिसतात, आणि मग प्रत्येक ओरखड्यात मळ घर करून बसतो.

रूळ लखलखीत, तरी इंजिन अडतंय? मग चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत. चाकं बघा. इंजिन उलटं धरलं की चाकांच्या कडेने काळी पट्टी दिसते. तिच्यावरचा उपाय इतका सोपा आहे की तो सगळ्यात शेवटी आठवतो. पेपर टॉवेलचा तुकडा दोन्ही रुळांवर आडवा टाका आणि अल्कोहोलने ओला करा. ओला म्हणजे दमट, थबथबलेला नव्हे. ठिणग्या आणि अल्कोहोल यांची मैत्री होऊ देऊ नये. इंजिनाची एक बोगी टॉवेलवर, दुसरी उघड्या रुळावर. उघडी बोगी वीज घेते, टॉवेलवरची चाकं फिरतात आणि स्वतःचीच घासाघीस करतात. इंजिन दोन बोटांत हलकं धरा, वेग कमी ठेवा. पाच सेकंदांत टॉवेलवर दोन काळ्या रेघा उमटतात, डोळ्यांत काजळ घातल्यासारख्या. टॉवेल सरकवा, रेघा फिकट होईपर्यंत पुन्हा करा, मग इंजिन फिरवून दुसरी बोगी. पहिल्यांदा हे करणारा माणूस त्या रेघांकडे इतक्या कौतुकाने बघतो की टॉवेल टाकून देववत नाही.

आता चाकंही स्वच्छ. तरीही एकाच जागी, दर फेरीला, त्याच ठिकाणी अडतं? त्याच जागी अडत असेल तर दोष लेआउटचा, म्हणजे मांडलेल्या रुळांचा, वेगवेगळ्या जागी अडत असेल तर इंजिनाचा. ही एक ओळ भिंतीवर लिहून ठेवावी. लेआउटचा दोष बहुधा सांध्यात असतो. दोन रूळ जोडणारी ती इवलीशी धातूची पट्टी वीज पोचवण्यासाठी नाहीच, रूळ सरळ रेषेत धरण्यासाठी आहे. वर्ष-दोन वर्षांत ती सैल पडते, आत गंज धरतो. म्हणून प्रत्येक रुळाच्या तुकड्याला खालून स्वतंत्र वायर द्यावी. रुळाची बाजू घासा, फ्लक्स लावा, वायरीच्या टोकाला आणि रुळाला वेगवेगळं सोल्डर चढवा, मग दोन्ही एकमेकांना टेकवून दोन सेकंद सोल्डरिंगची तापलेली कांडी. तिसऱ्या सेकंदाला प्लॅस्टिकचे स्लीपर वितळायला लागतात. दोन्ही बाजूंना धातूचे चिमटे लावले तर थोडी सवलत मिळते. आडात नाही ते पोहऱ्यात येणार कुठून, हे पटायला माणसाला सरासरी तीन इंजिनं उघडावी लागतात.

इंजिनाचा दोष कानाला कळतो. दर चाकफेरीला ‘टक्... टक्... टक्...’ असा ठेका ऐकू आला की आसावरचा प्लॅस्टिकचा गिअर तडकला समजा. धातूच्या आसावर तो घट्ट बसवलेला असतो. वर्षानुवर्षं ताणात राहून प्लॅस्टिक आकसतं आणि दोन दातांच्या मध्ये केसासारखी चीर पडते. तिथे दातांमधलं अंतर वाढतं, समोरचा गिअर त्या फटीत अडखळतो आणि इंजिन ठेक्यात लंगडतं. डिंक लावून भागत नाही, कारण हे प्लॅस्टिक कुठल्याच गोंदाला दाद देत नाही. नवा गिअर बसवायचा, आणि बसवताना दोन्ही चाकांच्या आतल्या कडांमधलं अंतर मोजायचं. एचओला ते १४.४ मिलीमीटरच्या आसपास हवं. कमी राहिलं तर सांधेबदलाच्या तोंडाशी चाक चढतं, जास्त झालं तर अडकतं. आणि सहा आसांचं इंजिन १८ इंच त्रिज्येच्या वळणावर घालून ‘उतरतं का?’ असं विचारू नये. त्याला २२ इंच, जमल्यास २४.

गिअर बदलायचा म्हणजे वरचं कवच काढायचं, आणि खऱ्या नाटकाचा पडदा इथे वर जातो. कवच स्क्रूने धरलेलं असतं, कधी आतल्या खाचांनी, कधी पुढच्या-मागच्या कपलरच्या (गाड्या एकमेकांना जोडणाऱ्या आकड्याच्या) डब्यांनी. कशाने ते कंपनीच्या चित्रात दिसतं, आणि चित्र खोक्याच्या तळाशी, आपण टाकून दिलेल्या कागदात असतं. इंजिन धरायचं ते इंधन टाकीच्या जागी. बाजूचे कठडे इतके नाजूक की नजर लागली तरी वाकतात. ते ज्या प्लॅस्टिकचे असतात त्याला रंगही धड चिकटत नाही, त्यामुळे तुटले की तुटले.

आणि कपलर. नकल कपलरच्या मुठीत तांदळाच्या कणीएवढी एक ब्राँझची स्प्रिंग असते. मूठ मिटलेली ठेवणं एवढंच तिचं काम. ती बसवताना चाकूचं टोक तिच्या वेटोळ्यांत अलगद खुपसायचं, एक टोक छोट्या खुंटीवर टेकवायचं, दाबायचं, दुसरं टोक समोरच्या खुंटीत... आणि इथे ‘टिंग’ असा आवाज येतो. खरं म्हणजे आवाज येत नाही, येतोय असं वाटतं. स्प्रिंग गेलेली असते. खोलीत गालिचा असेल तर गालिच्यात, नसेल तर भौतिकशास्त्राला ठाऊक नसलेल्या मितीत. जाणकार हे काम मोठ्या पारदर्शक प्लॅस्टिक पिशवीत दोन्ही हात घालून करतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, माणूस पिशवीशी कुस्ती खेळतोय. त्याहून साधी युक्ती म्हणजे स्प्रिंगमधून आधी शिवणाचा दोरा ओवायचा, बसली की ओढून घ्यायचा. आणि सुट्या स्प्रिंगांचं पाकीट आणलंत की ते उघडायचं बशीत. पाकिटातल्या स्प्रिंगाही उडी मारायला टपलेल्याच असतात.

मग डीसीसी, म्हणजे इंजिनांना रुळातूनच डिजिटल आज्ञा देण्याची पद्धत. साध्या पद्धतीत रुळाला वीज दिली की रुळावरची सगळी इंजिनं धावतात. डीसीसीत प्रत्येकाला स्वतःचा पत्ता, जो त्याचं नाव घेईल त्याचंच ते ऐकेल. कागदावर सुंदर. प्रत्यक्षात नवं इंजिन पेटीतून निघतं ते ३ हा पत्ता घेऊन. सगळीच. पत्ते न बदलता चार नवी इंजिनं रुळावर ठेवून ३ दाबलंत, की चारही एकदम निघतात, त्यातली दोन समोरासमोर. पत्ता इंजिनावर रंगवलेल्या क्रमांकाचाच द्यावा. समजा ६३०९. ६३०९ला २५६ने भागा: भागाकार २४, बाकी १६५. भागाकारात १९२ मिळवा, २१६ झाले, ते सीव्ही१७ मध्ये (सीव्ही म्हणजे डीकोडरमधला सेटिंगचा क्रमांकित कप्पा). बाकी सीव्ही१८ मध्ये. सीव्ही२९ मध्ये ३८. हल्लीचे कंट्रोलर हा हिशोब स्वतः करतात, पण तो हाताने केला की अंगात जरा अभियंता संचारतो. गोंधळ फारच वाढला तर बऱ्याच डीकोडरांत सीव्ही८ मध्ये ८ लिहिलं की पुनर्जन्म होतो, पत्ता पुन्हा ३.

जुन्या इंजिनात डीकोडर घालताना एक चूक क्षमेला पात्र नाही. मोटरचे दोन्ही ब्रश (तिला वीज देणारे संपर्क) धातूच्या चौकटीपासून विजेच्या दृष्टीने पूर्ण अलग हवेत. मल्टिमीटर लावा, ब्रश आणि चौकट यांच्यात जोड दाखवला तर पुढे जाऊ नका. लाल आणि काळी वायर रुळाची, नारिंगी आणि करडी मोटरची, पांढरी पुढच्या दिव्याची, पिवळी मागच्या, निळी दिव्यांची सामाईक. मोटर हाताने रोखून १२ व्होल्टला किती अँपिअर खाते तेही क्षणभर बघा. एक अँपिअरच्या डीकोडरवर दीड अँपिअरची मोटर बसवली तर डिझेल इंजिनाचा धूर निघतो. हुबेहूब, पण एकदाच.

दोन इंजिनं एकत्र जोडायची तर वेग जुळवावा लागतो. जुळवायचं जलद इंजिन, मंदाला. मंद जलद होत नाही, हे गृहस्थाश्रमातही खरं आहे. सीव्ही३ आणि ४ (वेग हळूहळू वाढवणारे-कमी करणारे) शून्य करा, दोघांना न जोडता वीतभर अंतराने एकाच वाटोळ्यावर सोडा आणि अंतर बघत बसा. मागचं अंगावर येत असेल तर त्याचा सीव्ही५ (कमाल वेग) कमी. सुरुवातीसाठी सीव्ही२, मधल्या वेगासाठी सीव्ही६. तासभर आकडे बदलूनही काहीच फरक पडत नसेल तर सीव्ही२९ मध्ये वेगतक्ता (प्रत्येक पायरीचा वेग वेगळा ठरवणारी यादी) चालू राहिलाय. तो चालू असला की २, ५ आणि ६ यांना कुणी विचारत नाही. जोडीतलं एक इंजिन पाठमोरं असेल तर त्याच्या सीव्ही१९ मध्ये जोडीला दिलेला पत्ता अधिक १२८. विसरलात की रस्सीखेच.

हे सगळं जमल्यावर गाडी निघते. आवाजाचा डीकोडर असेल तर आधी अर्धा मिनिट नुसती धडधड, ती संपेपर्यंत इंजिन जागचं हलत नाही आणि पाहुणा ‘बिघडलं का?’ विचारतो. मग ताशी ६० किलोमीटर, म्हणजे १:८७ला सेकंदाला १९ सेंटीमीटर. २२ इंच त्रिज्येचं वाटोळं साडेतीन मीटरचं. अठरा सेकंदांत गाडी जिथून निघाली तिथे हजर. पाहुणा म्हणतो, ‘जरा जोरात सोडा ना.’ जोरात सोडायचं नसतं हे समजावत असताना, सांध्यापाशी दिवा लुकलुकतो आणि इंजिन थांबतं.

बोट खाली येतं. इंजिन निघतं. आणि त्या बोटाच्या त्वचेचं तेल, पुसटसं, रुळाच्या माथ्यावर राहतं. त्यावर धूळ बसते, धुळीवर ठिणगी. अठरा सेकंदांनी गाडी परत येते, नेमकी तिथेच अडखळते, आणि बोट तयारच असतं.