आमच्या ओट्यावरच्या कपाटांना दारं नाहीत

आज मेडिकलवाल्याने भर दुकानात विचारलं, "मॅडम, हे मुलाचं औषध आहे ना? मग चिठ्ठीवर मुलाचं नाव पाहिजे." म्हटलं, माझंच आहे. त्याने चष्मा वर केला, आधी मला बघितलं, मग चिठ्ठीला. "मोठ्यांना पण असतं का हे?" मागे रांग. रांगेतल्या एका काकांना कोणी काही विचारलं नव्हतं, पण त्यांनी सांगून टाकलं, "त्राटक करा, त्राटक. समई लावा आणि बघत बसा. गोळ्या कशाला खायच्या या वयात!" मी गप्प. मला ऐनवेळी कधीच उत्तर सुचत नाही, घरी येऊन पाय धुतले की सुचतं. आता पाय धुऊन झालेत. पोस्ट लांब होणार आहे, घाई असेल त्यांनी लाइक करून पुढे सरका.

नवीन मंडळींसाठी सांगते. मला ऑटिझम आहे, म्हणजे ठरलेलं बदललं की त्रास होतो आणि आवाज, उजेड, वास अंगावर येतात. आणि एडीएचडी पण आहे, म्हणजे लक्ष टिकत नाही, वस्तू हरवतात, गोष्टी विसरतात. आजचं औषध या एडीएचडीचं. दोन्ही. वय ४१. नोकरी आहे, नवरा आहे, मुलगी आहे, डोंबिवलीत घर आहे आणि घराचा हप्ता आहे. "पण तू तर अगदी नॉर्मल वाटतेस" असं लिहायला बोटं शिवशिवत असतील तर आवरा. तसं वाटावं म्हणून मी किती दमते ते संध्याकाळी सहानंतर येऊन बघा.

दोन्ही असणं म्हणजे काय, तर सेंट्रलचं वेळापत्रक मला तोंडपाठ आहे आणि माझी गाडी चुकते. कारण पास सापडत नाही. गाडी चुकली की ठरलेला डबा गेला, ठरलेली जागा गेली, ठरलेल्या बायका गेल्या, आणि मग दुपारपर्यंत माझं कशात लक्ष लागत नाही. माझ्यातल्या एका भागाला रोज तेच हवं असतं. तोच डबा, तोच रस्ता, तीच वाटी. दुसऱ्या भागाला त्याच त्या गोष्टीचा तिसऱ्या दिवशी वीट येतो. लोकांना वाटतं दोन्ही एकत्र आलं की एकमेकांना सांभाळून घेत असतील. कसलं सांभाळून घेतात! एक जण यादी करतो, दुसरा ती यादी हरवतो.

कपाटांचं सांगते, म्हणजे कळेल.

दाराआड गेलेली वस्तू माझ्यासाठी जगातून गेलेली असते. अतिशयोक्ती नाही. एका दिवाळीच्या साफसफाईत हिंगाच्या डब्या निघाल्या, एकीमागे एक, सगळ्या अर्धवट वापरलेल्या, आणि मागच्या कोपऱ्यात तुरीच्या डाळीत पोरकिडे. मी रोज स्वयंपाक करत होते, तरी. त्याच आठवड्यात बाथरूमचं दार बसवायला सुतार आला होता. त्याला म्हटलं, ओट्यावरच्या कपाटांची दारं काढून टाकायची आहेत. मला वाटलं, हा विचारणार का म्हणून. तो म्हणाला, "कुठल्या बाजूने सुरू करू?" बस. बिजागऱ्या काढल्या, भोकांत लांबी भरली, पॉलिश पेपर मारला, चहा प्यायला, गेला. माझ्या आयुष्यात ज्या ज्या माणसांनी माझी सोय केली, त्यात हा माणूस पहिल्या तिघांत आहे.

दोन दिवस मी हवेत. सगळं दिसतंय! गूळ दिसतोय, साबुदाणा दिसतोय! तिसऱ्या दिवशी मला स्वयंपाकघरात पाऊल टाकवेना. मसाल्याची लाल पाकिटं, बिस्किटांची निळी, पिवळी, त्यांवरची अक्षरं, सगळं एकदम अंगावर येतंय. डोकं दुखायला लागलं. नवऱ्याने शांतपणे विचारलं, "आता दारं परत लावायची का?" मी रडले. कारण आतल्या एकीला दारं नको होती आणि दुसरीला ती हवीच होती, आणि दोघींचं खरं होतं.

मग काय केलं? सगळ्या बरण्या एका मापाच्या, पारदर्शक, पांढऱ्या झाकणाच्या. पाकिटं घरात आली की त्याच क्षणी रिकामी. आणि वरच्या फळीला पांढरा सुती पडदा, कारण तिथलं सामान सणावारालाच लागतं. हे जमायला वेळ लागला, पैसे लागले, भांडणं झाली. पण तेव्हापासून आमच्याकडे डाळीला कीड लागली नाही. दोन्हीसकट नीट जगणं म्हणजे मला विचाराल तर एवढंच आहे. स्वतःला बदलण्याच्या मागे न लागता बिजागऱ्या काढायच्या, आणि मग त्यातून जे नवं दुखणं निघेल त्यावर पडदा शिवायचा. शब्दशः.

सासूबाईंना पटलेलं नाही. काढलेली दारं त्यांनी जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवली आहेत. "लागतील." दर दिवाळीला विचारतात, "दारं कधी लावायची? किराण्याचं दुकान मांडल्यासारखं वाटतं." येणारा-जाणारा प्रत्येक जण पण विचारतो. परवा नवऱ्याच्या आत्या आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "थोडी शिस्त लावून घ्यावी गं, दारं बंद असली तरी लक्षात राहायला पाहिजे." पाहिजे. पाय मोडलेल्याने चाललंच पाहिजे, तसं का?

आता माझं डोकं खरं कुठे फिरतं ते सांगते. माझे सासरे, अण्णा. देवमाणूस. पण उभ्या आयुष्यात त्यांना स्वतःचा रुमाल सापडला नाही. रोज सकाळी रुमाल, पाकीट, घड्याळ, चष्मा, पास, डबा या क्रमाने सासूबाई दाराशी उभ्या राहून हातात द्यायच्या. विजेचं बिल त्यांनी भरायचं, आठवण यांनी करायची. जेवताना कोणी बोललेलं त्यांना चालायचं नाही, म्हणून घर गप्प. वरण गार चालायचं नाही. लग्नकार्यात अर्ध्या तासात "चला" म्हणायचे आणि सगळे उठायचे. याला कोणी आजार म्हटलं नाही. याला "अण्णांचं असंच आहे" म्हणतात. अण्णांना जे लागायचं ते सगळं मिळायचं, कारण त्यासाठी एक माणूस कायमचा नेमलेला होता, बिनपगारी. आता तेच मी, बाईमाणूस, एका पडद्याने आणि पन्नास बरण्यांनी स्वतःचं स्वतः करून घेतलं, कोणाला दाराशी उभं केलं नाही, तर मला शिस्त नाही!

अण्णांना काही होतं असं मी म्हणत नाहीये. ते गेले आणि मी डॉक्टर नाही. पण सोय सगळ्यांनाच लागते. काहींची आपोआप होते, काहींना ती मागावी लागते, आणि मागितली की ते नखरे.

माझं निदान झालं ३६व्या वर्षी. त्याआधी डिप्रेशन झालं, अँग्झायटी झाली, थायरॉइड तपासून झालं, बी-१२ची इंजेक्शनं झाली. मग एका डॉक्टरीणबाईंनी लहानपणचं काही आहे का विचारलं, कारण एडीएचडी म्हणायला बारा वर्षांच्या आधीपासूनची लक्षणं बघावी लागतात. आईने प्रगतिपुस्तकं जपली होती. "हुशार आहे, पण लक्ष नसते." "वस्तू हरवते." "मुलींमध्ये मिसळत नाही." सगळं निदान तिथेच लिहिलेलं होतं, बाईंच्या सुवाच्य अक्षरात. आई ते वाचून म्हणाली, "बघ, मी तेव्हाच सांगत होते, लक्ष दे."

२०१३पर्यंत तर डॉक्टर लोक ज्यावरून निदान करतात त्या अमेरिकन पुस्तकात, डीएसएममध्ये, असं होतं की ऑटिझम धरला तर एडीएचडी वेगळा धरायचाच नाही. पाचवी आवृत्ती आली तेव्हा ती अट गेली. तोवर माझं शिक्षण, नोकरी, लग्न सगळं उरकलं होतं. आणि आपल्याकडे २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आहे, एडीएचडी नाही. म्हणजे सरकारदरबारी मी अर्धी दिव्यांग आणि उरलेली अर्धी आळशी.

आणि ते औषध! त्याचं नाव मिथिलफेनिडेट, आणि ते शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियमांच्या औषधांच्या सरकारी यादीत येतं. दुकानदाराला वेगळं लायसन्स लागतं, म्हणून बहुतेक दुकानं ठेवतच नाहीत. चिठ्ठी दोन प्रतींत, एक त्याने दोन वर्षं जपून ठेवायची. गैरवापर होतो, नियम हवा. मान्य. पण जरा बघा ना, कागद हरवणं हाच ज्याचा आजार, त्याला औषध मिळवायला महिन्याच्या महिन्याला कागद सांभाळायला लावताय. मी फाइल केली आहे. भडक केशरी. ती टीव्हीसमोर भिंतीला लटकवलेली असते. सासूबाई त्याबद्दलही बोलतात.

औषधाने सगळं छान होतं असंही नाही हं. गोळी लागू पडली की डोक्यातला बाजार उठतो, पण बाजार उठला की ट्यूबलाइटची गुणगुण ऐकू यायला लागते, ब्लाउजचं लेबल टोचायला लागतं. एक आवरलं की दुसरं उघडं पडतं. कपाटांचंच बघा, दारं काढली तेव्हा हेच तर झालं होतं. म्हणून गोळीच्या दिवशी मी जुने धुऊन मऊ झालेले सुती कुर्तेच घालते, आणि ऑफिसात माझ्या डोक्यावरची ट्यूब बंद ठेवायची परवानगी मी मागून घेतली आहे. मागताना हात थरथरत होते. साहेब म्हणाले, "करा की, लाइटबिल वाचेल." सगळे असे भेटले तर काय पाहिजे.

लग्नकार्याला मी जाते. अक्षता, पहिली पंगत आणि घरी. कानात बोळे, आणि येताना माझी मी रिक्षाने, कारण "आपण सगळे बरोबरच निघू" यात माझा जीव जातो. दुसऱ्या दिवशी काहीही ठेवत नाही. वरात, बँड, त्यावर ते डीजे, त्यावर गजऱ्यांचा आणि अत्तराचा वास, आणि प्रत्येकीचं "ओळखलंस का?" नाही हो, नाही ओळखलं, मागच्या वेळी तुम्ही हिरव्या साडीत होतात.

छंदांचं एक मी मनाला लावून घेणं सोडलं. मोडी लिपी शिकले, सुटली. क्रोशा, सुटला. सध्या शेवाळाची रोपं, काचेच्या बरणीत. अर्धवट राहिलेलं सगळं एका खोक्यात जातं आणि खोकं भरलं की खालच्या मजल्यावरच्या मुलींना. डबा मात्र रोज दहीभातच. नव्याची हौस तिथे भागते, जुन्याची इथे. दोघीही खूश. कोणी म्हणेल पैसा वाया जातो. जातो थोडा. आधी तो दंडात जायचा, लेट फी, परत न केलेल्या ऑनलाइन ऑर्डरी, एक्स्पायर झालेलं सगळं. बिलं बँकेतून आपोआप जायला लागल्यापासून घरातले निम्मे वाद मिटले. निम्मेच.

आणि जी बिलं आपोआप जात नाहीत, जे फॉर्म भरायचे असतात, त्यासाठी माझी शाळेतली मैत्रीण आहे. ती कॅनडात. तिची सकाळ, माझी रात्र. दोघी व्हिडिओ लावतो आणि बोलत नाही. ती तिकडे भांडी आवरते, मी इकडे कागद. समोर कोणीतरी आहे एवढ्यावर माझं काम होतं. का होतं विचारू नका, होतं. तिने पहिल्यांदा विचारलं होतं, "मी काही करायचं का?" म्हटलं, नुसती बस. ती बसते. हे लिहिताना घसा दाटला. काकांवरचा राग बऱ्यापैकी उतरलाय.

पूर्ण नाही उतरला. "हल्ली सगळ्यांनाच असतं हे" म्हणणाऱ्यांसाठी थोडा शिल्लक आहे. हो, रील बघून स्वतःच निदान करणारे आहेत. असू देत. डोकं दुखतं म्हणणारे सगळेच खरे नसतात म्हणून आपण मायग्रेन नाही असं म्हणतो का? आणि योगाने बरं वाटतं, ठाऊक आहे, मी सूर्यनमस्कार घालते. घालायचं लक्षात राहावं म्हणून चटई पसरलेलीच असते, हॉलच्या मधोमध. येणारा प्रत्येक जण तिला अडखळतो. अडखळा. तुमच्या घरी शोकेसमधल्या वस्तूंना मी धक्का मारते तेव्हा मला "वेंधळी" म्हणताच ना.

माझ्या मुलीला यातलं काही आहे का, हे अजून कळत नाही, बघतोय. पण तिच्या खोलीतल्या कपाटाची दारं तिने स्वतः मागून काढून घेतली. तोच सुतार. या वेळी सासूबाई काही बोलल्या नाहीत, चादर शोधायला गेल्या.

कमेंटमध्ये ब्राह्मी, शंखपुष्पी, तुळशीचा काढा, रत्नं, ग्रहशांती सुचवू नये. "सगळे थोडेथोडे ऑटिस्टिक असतात" लिहिणाऱ्यांना ब्लॉक करणार आहे, नातेवाईक असले तरी. ज्यांच्या घरात असं कोणी मोठं माणूस आहे आणि बोलायचंय त्यांनी इनबॉक्समध्ये या. मेसेज नक्की वाचेन. उत्तर लगेच दिलं तर दिलं, नाही तर दोन महिन्यांनी रात्री एक वाजता येईल, रागावू नका. आता मैत्रीण ऑनलाइन आली आहे आणि सोसायटीचा फॉर्म भरायचाय. जाते.