खडीसाखर, सात दिवस आणि मधुमेहींना मिळणारा घातक सल्ला

कोपरखैरण्याला राहणाऱ्या माझ्या आत्याला बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. तिच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर आलेला एक संदेश तिने मला कौतुकाने पाठवला, आणि त्यातला उपाय आपण सुरूही केला असल्याचे फोनवर सांगितले. संदेशाचा सारांश असा: मधुमेहींना उन्हाळी लागते, म्हणजे लघवीला जळजळ होते, ती अंगातल्या उष्णतेमुळे, धने-जिऱ्याच्या पाण्यात खडीसाखर आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घालून ते सात दिवस घ्यावे, तोवर डॉक्टरकडे जाऊ नये, कारण लघवीत जंतू दिसले की ते अँटिबायोटिक लिहितात आणि परदेशी संशोधनाने ते निरुपयोगी ठरवले आहे, वारंवार लघवीला होत असल्यास पाणी कमी प्यावे, आणि डापाग्लिफ्लोझिनसारख्या मधुमेहाच्या नव्या गोळ्या ताबडतोब बंद कराव्यात. मी डॉक्टर नाही, नौपाड्यातील एका पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत काम करते. परंतु यातील चूक ओळखायला डॉक्टर असण्याचीही गरज नाही.

‘मधुमेहींसाठी खास’ असे शीर्षक देऊन त्याखाली खडीसाखर लिहिणाऱ्या माणसाने मधुमेह हा शब्द तरी नीट वाचला होता का, असा प्रश्न पडतो. रक्तातील साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या पुढे गेली की ती लघवीतून बाहेर पडू लागते. शिवाय साखर सतत वाढलेली राहिली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचे कामही मंदावते. उन्हाळी म्हणजे बहुधा मूत्रमार्गाचा संसर्ग. म्हणजे ज्या कारणाने मधुमेहींना हा संसर्ग अधिक गाठतो, तेच कारण दिवसातून दोन पेले भरून वाढवायचे. बिनसाखरेच्या धने-जिऱ्याच्या पाण्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. ते पोटात पाणी जाण्याचे एक निमित्त आहे, संसर्गावरचे औषध नव्हे.

मात्र खडीसाखरेपेक्षाही घातक आहेत ते सात दिवस. ही जळजळ बहुतेक वेळा ई. कोलाय नावाच्या, आपल्याच आतड्यात राहणाऱ्या जंतूंमुळे होते. ते मूत्रमार्गातून मूत्राशयात शिरतात आणि तेथून वर मूत्रपिंडापर्यंत जाऊ शकतात. मधुमेह जुना झाला की मूत्राशयाच्या मज्जातंतूंवर परिणाम होतो, लघवी पूर्ण बाहेर पडत नाही आणि मागे उरलेल्या लघवीत जंतूंना वाढायला निवांत वेळ मिळतो. त्याच कारणाने कधी कधी जळजळ फारशी जाणवत नाही आणि दुखणे ताप येईपर्यंत लक्षातच येत नाही. त्यात रजोनिवृत्तीनंतरचे वय, पुरुषांमध्ये वाढलेली प्रोस्टेट, मुतखडा, लघवीसाठी घातलेली नळी (कॅथेटर) किंवा पूर्वी होऊन गेलेला संसर्ग यांची भर पडली की धोका आणखी वाढतो. मूत्रपिंडाच्या एका गंभीर संसर्गात जंतूंमुळे मूत्रपिंडातच वायू साठतो. तो दुर्मीळ आहे, पण ज्यांना होतो त्यांतील बहुसंख्य रुग्ण मधुमेही असतात आणि त्यांच्यासाठी एकेक दिवस मोलाचा असतो. थंडी वाजून ताप, कमरेच्या वर एका बाजूला दुखणे, उलट्या किंवा वयस्कर माणसाचे अचानक असंबद्ध बोलणे यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालयात जायला हवे. केवळ जळजळ असली तरी मधुमेहींनी सात दिवस थांबू नये. लघवीची तपासणी आणि कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून ते ओळखण्याची चाचणी) करण्यासाठी नमुना द्यावा, तोही अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी. घरात उरलेल्या जुन्या गोळ्यांपैकी दोन घेऊन मग नमुना आणणाऱ्यांचे कल्चर पुष्कळदा फसवे येते, हे आम्ही नेहमी पाहतो.

आता संशोधनाचा मुद्दा. नाइलाजाने मान्य करावे लागते की यात अर्धे सत्य आहे. २००२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये कॅनडातील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात लघवीत जंतू असलेल्या, पण कोणताही त्रास नसलेल्या १०५ मधुमेही स्त्रिया होत्या. काहींना अँटिबायोटिक आणि काहींना औषधविरहित गोळ्या देऊन तीन वर्षांपर्यंत त्यांच्याकडे लक्ष ठेवले गेले. उपचार घेणाऱ्यांना पुढे त्रासदायक संसर्ग कमी झाले नाहीत, उलट त्यांच्या पोटात अँटिबायोटिक मात्र जवळजवळ पाचपट गेले. अमेरिकेतील संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत हेच सांगितले आहे की, लक्षणे नसलेल्या मधुमेहींच्या लघवीत जंतू शोधत बसू नये आणि सापडले तरी उपचार करू नयेत. नियमित तपासणीच्या अहवालात ‘बॅक्टेरिया प्रेझेंट’ वाचून घाबरलेल्या माणसाला अँटिबायोटिक दिले जाते, ही तक्रार त्यामुळे रास्त आहे. परंतु त्या अभ्यासातील एकाही स्त्रीला सुरुवातीला जळजळ नव्हती, आणि संदेश सुरूच होतो जळजळीपासून. ज्यांना त्रास नाही त्यांच्यासाठी दिलेला निष्कर्ष त्रास असलेल्यांच्या गळ्यात घालणे हे अज्ञान असेल, तर फार सोयीस्कर अज्ञान आहे.

पाणी कमी पिण्याचा सल्ला तर उलटाच आहे. मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाणी मोजून दिले नसेल, तर पुरेसे पाणी प्यावे आणि लघवी तुंबवू नये. ठाणे-वाशी गाडीने रोज ये-जा करणाऱ्या कितीतरी बायका स्वच्छ स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून दिवसभर पाण्याला हात लावत नाहीत. त्यांना असले संदेश आयते समर्थन पुरवतात. सोड्यात सोडियम भरपूर असते आणि मधुमेहासोबत रक्तदाब असणाऱ्यांची संख्या मोठी आहे, एवढे पुरे.

राहिल्या गोळ्या. डापाग्लिफ्लोझिन साखर लघवीवाटे बाहेर टाकते, त्यामुळे जननेंद्रियांच्या जागी बुरशीचा संसर्ग निश्चितच वाढतो. खाज आणि पांढरा स्राव ही त्याची लक्षणे. मूत्रमार्गाच्या गंभीर संसर्गाबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ मध्ये इशारा दिला होता, पण नंतरच्या मोठ्या चाचण्यांत या गोळ्यांमुळे असे संसर्ग ठळकपणे वाढल्याचे दिसले नाही. ताप आणि उलट्यांमुळे खाणे-पिणे थांबले असेल तेव्हा ही गोळी तात्पुरती थांबवायला डॉक्टर स्वतःच सांगतात. मात्र हृदय किंवा मूत्रपिंडाच्या रक्षणासाठी ती दिलेली असेल, तर गटावरचा एक संदेश वाचून ती कायमची बंद करणे धोक्याचे आहे, आणि त्या धोक्याची जबाबदारी संदेश पुढे ढकलणाऱ्यांपैकी कोणीही घेणार नाही.