पी म्हणजे पाठचा

सायकलच्या पुढच्या ब्रेकची डिस्क १६० मिलिमीटरची होती, ती १८० ची करायची होती. उतारावर ब्रेक जरा जोरात लागावा, एवढाच हेतू. डिस्क मोठी झाली की कॅलिपर, म्हणजे डिस्क पकडणारा ब्रेकचा चिमटा, दहा मिलिमीटर बाहेर सरकवावा लागतो आणि त्यासाठी मध्ये ॲल्युमिनियमचा एक तुकडा बसवतात. त्याला ॲडॉप्टर म्हणायचं. तो मागवला, परवा सकाळी पार्किंगमध्ये सायकल उलटी केली, पाकीट फोडलं आणि पाचव्या मिनिटाला कळलं की तुकडा भलताच आहे.

माझ्या फोर्कला, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दुभंगलेल्या दांड्याला, कॅलिपर बसवायची पद्धत पोस्ट माउंट आहे. म्हणजे ७४ मिलिमीटर अंतरावर आटे पाडलेली दोन भोकं आणि मागून पुढे जाणारे बोल्ट. आलेल्या तुकड्याची भोकं ५१ वर, आणि बोल्ट आडवे, चाकाच्या ॲक्सलला समांतर. ही दुसरी पद्धत, आणि तिचं नाव काय, तर इंटरनॅशनल स्टँडर्ड! घराण्यात भांडण चालू असताना एकानेच स्वतःला कर्ता पुरुष जाहीर करावं, तसला प्रकार.

तेवढ्यात तळमजल्यावरचे काका आले. माझ्या सायकलीमागे त्यांची स्कूटर अडकली होती.

"वेळ लागेल का रे? मला घाई आहे."

"पाच मिनिटं, काका."

घाई असलेला माणूस किल्ली वाजवत तिथेच उभा राहिला. मग वाकला. मग जमिनीवरचा तुकडा उचलून, चष्मा कपाळावर सरकवून, खड्या आवाजात वाचू लागला, "एफ, एकशेऐंशी, पी, आडवी रेघ, एस."

"एफ म्हणजे फ्रंट, काका. पी म्हणजे कॅलिपर पोस्ट माउंटचा. एस म्हणजे फोर्क इंटरनॅशनल..."

"छे! पी म्हणजे पाठचा, एस म्हणजे समोरचा. पाठचा किंवा समोरचा. दोन्हीकडे चालतो. स्वच्छ लिहिलंय."

"आणि एफ?"

"फिट."

मी हसलो. तेच चुकलं. हसलेल्या माणसाला काका सोडत नाहीत. त्यांनी गुडघ्यावर हात ठेवून बैठक मारली (घाई!) आणि तुकडा मागच्या चाकापाशी नेऊन धरला. माझ्या फ्रेमला मागे मात्र इंटरनॅशनल स्टँडर्डच आहे. पुढे एक पद्धत, मागे दुसरी; सायकल एकच. तिथे आधीच बसलेल्या तुकड्यावर 'आर १६० पी/एस' असं कोरलेलं. आर म्हणजे रिअर, मागचा. काकांनी नवा तुकडा त्याला चिकटवून धरला. भोकासमोर भोक. उंचीला उंची. मी दोनदा पाहिलं.

आता हे मला आधीपासून माहीत असायला हवं होतं. या पद्धतीत पुढे १८० च्या डिस्कला जो तुकडा लागतो, तोच मागे १६० ला चालतो, कारण मागची भोकंच मुळात वीस मिलिमीटर लहान डिस्कच्या हिशेबाने पाडलेली असतात. म्हणजे काकांचं प्रत्येक अक्षर चुकीचं, उत्तर बरोबर. गणितात अशा मुलाला शून्य देतात. इथे त्या मुलाने माझ्या पाठीवर थाप मारली.

"बसला की नाही?"

"बसला, काका. पण तिथे एक आहे. मला पुढे हवाय."

"मग पुढचं चाक मागे लाव."

यावर काय बोलणार? आणि खरं सांगायचं तर रागावण्यासारखे काका नव्हतेच. राग आहे तो या धंद्यावर. एकाची मोठी डिस्क २०३ ची, कारण आठ इंच म्हणजे जवळपास २०३. दुसऱ्याची २००, कारण गोल आकडा बरा दिसतो. फरक त्रिज्येत दीड मिलिमीटर, पण तेवढ्याने पॅडचा काठ डिस्कच्या बाहेर डोकावतो. डिस्क चाकाच्या मधल्या हबला कुठे सहा बोल्टने, कुठे खाचा नि लॉकरिंगने. एका ब्रेकमध्ये मिनरल ऑइल, दुसऱ्यात डॉट नावाचं वेगळंच ब्रेक फ्लुइड, आणि चुकून एकाचं दुसऱ्यात गेलं तर आतली सीलं फुगून बसतात. रोडच्या सायकलींना तर तिसरंच, फ्लॅट माउंट. त्यात मागचा बोल्ट फ्रेमच्या खालून आरपार येतो, त्यामुळे त्याची लांबी नळीच्या जाडीप्रमाणे निवडायची. आखूड घेतला तर आटे धरत नाहीत, लांब घेतला तर आत टेकतो. पायजम्याची नाडीसुद्धा इतक्या विचाराने कोणी घेत नाही. यातल्या प्रत्येक गोष्टीला कारण आहे म्हणे. असेल. त्या कारणांची किंमत मोजून माझ्या खणात आता न लागणारे तीन तुकडे आहेत.

काका तासाभराने स्कूटर घेऊन गेले. संध्याकाळपर्यंत जिन्यात दोघांनी मला विचारलं, "ते पाठचं पुढे बसलं का?"

आज बरोबर तुकडा आला. मी गुपचूप खाली उतरलो, तर काका दाराशीच. हात पुढे केला. चष्मा वर.

"एफ, एकशेऐंशी, पी, आडवी रेघ, पी, दोन." थांबले. माझ्याकडे दयेने पाहिलं. "पाठचा, पाठचा, आणि वर दोनदा. फसवलं तुला. परत पाठव."