खुलासा: वेब दुर्बिणीचा आरसा सोन्याचा नाही

‘जेम्स वेब या अंतराळ दुर्बिणीचा आरसा भरीव सोन्याचा आहे, म्हणूनच ती इतकी महाग पडली,’ असा मजकूर सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे.

साडेसहा मीटर व्यासाचा हा आरसा 18 षटकोनी तुकड्यांचा आहे आणि ते तुकडे बेरिलियमचे आहेत. ही धातू हलकी असते आणि उणे 220 अंश सेल्सिअसच्या खालच्या थंडीतही आकार टिकवते. सोन्याचा फक्त मुलामा आहे, साधारण 100 नॅनोमीटर जाडीचा. म्हणजे केसाच्या जाडीचा जेमतेम हजारावा भाग! सगळ्या आरशाला मिळून 50 ग्रॅमसुद्धा सोनं लागलं नाही. तेही दिमाखासाठी नव्हे. अवरक्त किरण (डोळ्यांना न दिसणारे, उष्णतेच्या रूपात जाणवणारे) सोन्यावरून उत्तम परावर्तित होतात आणि वेब पाहते ते मुख्यतः हेच किरण.

खर्च झाला तो वेगळ्याच गोष्टींवर. एवढा आरसा रॉकेटच्या टोकात मावेना, म्हणून तो दुमडून 25 डिसेंबर 2021 रोजी पाठवला आणि अंतराळात उलगडला. सोबत टेनिस कोर्टाएवढी पाच पदरी सूर्यढाल. मुक्काम पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवर, त्यामुळे पृथ्वीजवळ फिरणाऱ्या हबल या आधीच्या अंतराळ दुर्बिणीसारखी अंतराळवीर पाठवून दुरुस्ती शक्य नव्हती. वर्षानुवर्षं एकेक सांधा पुन्हापुन्हा तपासला गेला तो यासाठी.